हरणीहून हर्णैला : डोंगर आणि समुद्र यांच्या सोबतीतील सुट्टीचे नियोजन

परीक्षा संपत आल्या की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘या वेकेशनमध्ये कुठे?’ अलीकडे या प्रश्नाच्या उत्तरात एड्रियाटिक समुद्राचे नाव येऊ लागले आहे. क्रोएशिया आणि माँटेनेग्रो या देशांचा हा किनारा. उंच डोंगर थेट समुद्रात उतरलेले, पायथ्याशी लाल कौलांची जुनी तटबंदीची गावे आणि निळेशार पाणी. छायाचित्रे पाहून कोणालाही मोह व्हावा असाच तो आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावे. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो हे चलन आले आणि तो देश शेंगेन व्यवस्थेत सामील झाला, त्यामुळे आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून त्यासाठी अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशाला आणि रजेला परवडणारा, डोंगर आणि समुद्र हातात हात घालून उभे असलेला किनारा आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तो म्हणजे आपले कोकण. बडोद्यातील कित्येक मराठी घरांची मुळे तिकडचीच आहेत. या लेखात आम्ही उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुका आणि त्यातील हर्णै बंदर घेतले आहे. आपली हरणी आणि ते हर्णै, नावात एका मात्रेचा फरक, एवढ्या कारणानेसुद्धा मुलांना ते गाव लगेच आपलेसे वाटते.

या विषयावर लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका आपल्यातून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसापासून आपल्या भागातील अनेक पालक पाण्याजवळच्या सहलीचे नाव निघाले की गप्प होतात. त्यांची भीती रास्त आहे. पण मुलांना कायमचे पाण्यापासून दूर ठेवणे हा काही उपाय नाही. पाणी कसे वागते हे त्यांना शिकवणे आणि ‘आज नको’ असे म्हणता येईल इतकी सवड सहलीत ठेवणे, हा उपाय आहे. सुट्टीच्या नियोजनाचा खरा अर्थ आम्हाला एवढाच वाटतो. बाकी तिकिटे आणि खोल्या हा त्यापुढचा भाग.

किनारा समजून घेऊ

कोकण म्हणजे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. डोंगरातून निघालेल्या नद्या थोडक्याच अंतरात समुद्राला मिळतात. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने वाढली, तेव्हा या नद्यांच्या तोंडाकडच्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. त्यांनाच आपण खाड्या म्हणतो. बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी, जयगडची खाडी या अशाच. माँटेनेग्रोमधील कोटोरचा प्रसिद्ध उपसागर हीसुद्धा बुडालेली नदीची दरीच आहे. म्हणजे दोन्ही किनारे एकाच रीतीने घडले आहेत, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

एक फरक मात्र मोठा आहे. एड्रियाटिकचा बराचसा किनारा असा आहे की तिथे भरती-ओहोटीमुळे पाणी फारसे वरखाली होत नाही. तिथल्या नावाड्याला काळजी असते ती डोंगरावरून अचानक सुटणाऱ्या ‘बोरा’ नावाच्या गार वाऱ्याची. आपल्याकडे सगळा कारभार भरती-ओहोटीवर चालतो. बडोदेकरांना हे वेगळे सांगायला नको. जंबुसर तालुक्यातील कावी-कंबोईचे स्तंभेश्वर महादेवाचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. भरतीला पिंडी पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा दिसू लागते. खंभातच्या आखातात, भावनगरजवळ, भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दहा मीटरचे अंतर पडते. कोकणात ते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, तरी सकाळी पाहिलेली रुंद पुळण संध्याकाळी निम्मी झालेली दिसते. म्हणून कोकणच्या सहलीचे वेळापत्रक घड्याळाआधी पाण्याकडे पाहून आखावे लागते.

केव्हा जावे

गुजरातच्या शाळांना दोन मोठ्या सुट्ट्या असतात, उन्हाळ्याची आणि दिवाळीची.

उन्हाळ्याची सुट्टी मे महिन्यात सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालते. या दिवसांत आंबा, फणस, करवंदे, जांभळे सगळे मिळते. मात्र हवा दमट असते आणि घाम फार येतो. जायचे तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. कोकणात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या दहा दिवसांत येतो, पण समुद्र त्याआधीच खवळू लागतो. २०२५ साली तर २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगड भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ‘सुट्टीचा शेवटचा आठवडा स्वस्त पडतो’ म्हणून तो निवडणे कोकणासाठी बरे नव्हे. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते आणि प्रवासी होड्याही पावसाळाभर बंद असतात.

दिवाळीची सुट्टी आमच्या मते सर्वांत उत्तम. पाऊस सरलेला, डोंगर अजून हिरवे, ओढ्यांना पाणी आणि समुद्र बराचसा निवळलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही अरबी समुद्रात कधीकधी वादळे होतात, एवढे ध्यानात ठेवून हवामान खात्याचा अंदाज पाहावा. दिवाळीच्या गर्दीत खोल्या लवकर भरतात, म्हणून नवरात्रापूर्वीच ठरवून टाकावे.

कसे जावे

कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सुरू आहे. बडोद्याहून वसई-पनवेलमार्गे थेट कोकणात जाणाऱ्या काही गाड्या आहेत. ओखा-एर्नाकुलम, गांधीधाम-नागरकोइल, हापा-मडगाव ही त्यांतील काही नावे. या गाड्या रोज नसतात, तेव्हा वार पाहून सुट्टीची तारीख ठरवावी, तारीख ठरवून गाडी शोधू नये. या गाड्यांनी रत्नागिरीला उतरणे सोयीचे पडते.

दापोली-हर्णैसाठी जवळचे स्थानक खेड. तिथे जाण्यासाठी मुंबईला गाडी बदलावी. मुंबईहून सकाळी निघणारी मांडवी आणि रात्री निघणारी कोकणकन्या या दोन्ही एक्सप्रेस खेडला थांबतात. दोन गाड्यांच्या मध्ये निदान तीन तास तरी ठेवावेत. खेड ते दापोली सुमारे तीस किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे आणि दापोलीहून हर्णै आणखी पंधरा-सोळा किलोमीटर. एस. टी. आणि खासगी गाड्या दोन्ही मिळतात. ज्या मुलांना गाडी लागते त्यांना घाटापूर्वी भरपेट खाऊ घालू नये.

आरक्षणाबाबत दोन गोष्टी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. जुन्या सवयीने चार महिने आधी खिडकीवर जाऊन उपयोग नाही. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालवल्या जातात, हेही लक्षात असू द्यावे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी एका दिवसात बडोदे ते हर्णै गाठण्याचा हट्ट धरू नये. पनवेल किंवा माणगावच्या आसपास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजेडात घाट उतरावा.

नावाबाबत एक सूचना. कोकणात मुरूड दोन आहेत. जंजिरा किल्ल्याचे मुरूड रायगड जिल्ह्यात आहे. हर्णैजवळचे मुरूड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. खोली घेताना ‘तालुका दापोली’ असे विचारून खात्री करावी, नाहीतर सामानासह भलत्याच गावी उतरण्याची पाळी यायची.

कुठे राहावे, काय पाहावे

दापोली, हर्णै, मुरूड, कर्दे, आंजर्ले, आसूद या सर्व गावांत घरगुती राहण्याची सोय आहे. मोठ्या हॉटेलपेक्षा आम्हाला ती अधिक पसंत, कारण घरमालकाला समुद्राची माहिती असते आणि तो ती प्रेमाने देतो. जेवण शाकाहारी हवे की मासे हवेत हे आधी कळवावे. घावणे, आंबोळी, सांदण, सोलकढी, उकडीचे मोदक हे पदार्थ मुलांनी खाऊन पाहावेत. रोजच्या खमण-फाफड्याची आठवण आठवडाभर बाजूला ठेवता येते!

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. बंदरासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक मुख्य ठाणे. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्रे यांच्याकडून तो घेतला. मराठ्यांचेच आरमार इंग्रजांच्या मदतीने खच्ची करण्याची ही सुरुवात होती, हे इतिहासाच्या मुलांना इथे उभे करून सांगता येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत सुवर्णदुर्ग आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला अशी त्याची धाकटी भावंडे आहेत. ती पायीच पाहता येतात.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचे व्याघ्रेश्वर आणि पोफळीच्या बागांतून चढत जाणारे केशवराज मंदिर, पन्हाळेकाजीची २९ लेणी, उन्हवऱ्याचे गरम पाण्याचे झरे, ही सर्व एकेक सकाळीची ठिकाणे. साने गुरुजींचे पालगड याच तालुक्यात आहे. २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म तिथे झाला आणि त्यांचे काही शिक्षण दापोलीत झाले. ‘श्यामची आई’ वाचलेल्या मुलांना पालगडला नेल्याशिवाय परत येऊ नये. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ या कादंबरीतला परिसरही हाच. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ आहे.

भरती-ओहोटीचे गणित

आता मुख्य गोष्ट. भरती केव्हा येणार हे कोकणातली जुनी माणसे पंचांगातली तिथी पाहून सांगतात. गणित चौथीच्या मुलालाही जमेल असे आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणाने गुणावे. येणारा आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. भरती दिवसातून दोनदा येते, दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे असतात आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते.

उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर आपल्याकडे लाभपंचमीला दुकाने उघडतात. तिथी पाच. पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. म्हणजे लाभपंचमीच्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती आणि सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. द्वादशीला, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या यांसाठी पंधरा हा आकडा धरावा. म्हणजे भरती दुपारी सव्वाअकराच्या पुढे.

असे का होते? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ५० मिनिटे म्हणजे पाऊण तासाहून थोडे जास्त, तेच हे पाऊण. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांचे आकर्षण काटकोनात येते, पाणी कमी वरखाली होते. ही भांगाची भरती. लहान मुले बरोबर असतील तर भांगाचे दिवस निवडावेत, असे आम्ही सुचवू. दिवाळीच्या सुट्टीत कार्तिक शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस म्हणूनच सोयीचे पडतात.

हे गणित अंदाजाचे आहे. जागेनुसार अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. त्यामुळे मुलांनी वहीत वेळ काढावी आणि तिथे पोहोचल्यावर एखाद्या कोळीदादांना विचारून ताडून पाहावी. उत्तर बरोबर आले की मुलांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो, आणि पाण्याविषयी जाणत्या माणसाला विचारायचे असते ही सवयही लागते.

होडीत बसण्यापूर्वी

सुवर्णदुर्गावर जायला हर्णैहून होडी मिळते. अंतर थोडेच आहे. किल्ल्यावर वस्ती नाही, खाण्यापिण्याची सोय नाही, उतरताना पायऱ्यांचा पक्का धक्का मिळेल असे गृहीत धरू नये. पाणी आणि टोप्या बरोबर घ्याव्यात, भिजले तरी चालतील असे घट्ट बसणारे पादत्राण घालावे.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी पुढील प्रश्न मोठ्याने विचारावेत. ते मुलांना पाठ करून द्यावेत.

१) या होडीत किती माणसे बसायची परवानगी आहे? हा आकडा होडीवर लिहिलेला असला पाहिजे. महाराष्ट्रात प्रवासी होड्यांना महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. मूल म्हणजे अर्धे माणूस असा हिशेब पाण्यावर चालत नाही. कडेवरचे बाळसुद्धा एक माणूस धरावे.

२) प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट आहे का, आणि मुलांच्या मापाचे आहे का? नुसते खांद्यावर टाकलेले जॅकेट निरुपयोगी असते. सर्व बंद आवळावेत. मग मोठ्या माणसाने जॅकेट खांद्यांजवळ धरून वर उचलून पाहावे. ते मुलाच्या कानापर्यंत सरकले तर सैल आहे, तसे चालणार नाही.

३) आज वारा-पाऊस कसा आहे? बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर प्रश्नच मिटला. हवामान खाते मच्छीमारांसाठी इशारे देते आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा इशारा देते. दोन्ही मोबाईलवर पाहता येतात.

४) परत केव्हा येणार? शेवटची फेरी अंधाराच्या आत किनाऱ्याला लागली पाहिजे.

होडी चालू असताना उभे राहू नये आणि फोटोसाठी सर्वांनी एका बाजूला जमू नये. वजन एका बाजूला गेले की होडी कलते, पाणी आत येते, आत आलेले पाणीही त्याच बाजूला धावते आणि होडी आणखी कलते. होडी उलटण्यास एवढे पुरते, मग ती समुद्रात असो की तलावात.

चारांपैकी एका प्रश्नाचे उत्तर पटले नाही तर बसू नये. हे म्हणायला सोपे आणि करायला अवघड आहे, कारण आपण दोन दिवसांचा प्रवास करून आलेलो असतो, मुले उतावीळ झालेली असतात आणि दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्यापैकी तीन कुटुंबे हर्णैला गेली होती. माणसे अकरा, जॅकेटे आठ. ‘पाच मिनिटांचे तर अंतर, मोठ्यांना कशाला?’ असे म्हणणारे आमच्यातलेच होते. पण हाताशी आणखी एक दिवस मोकळा होता. तेव्हा होडीचा बेत सोडून सर्व जण कनकदुर्गावर गेले, दीपगृहापाशी बसून समोरचा सुवर्णदुर्ग डोळे भरून पाहिला. मुले थोडा वेळ रुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जॅकेटे असलेली होडी मिळाली आणि सर्व जण किल्ल्यावर जाऊन आले. तो मोकळा दिवस नसता तर आठ जॅकेटांत अकरा माणसे निघाली असती, हे उघड आहे. म्हणून सवड ही सुरक्षेचीच एक वस्तू आहे, जॅकेटासारखी, असे आम्ही म्हणतो.

वाळूवर आणि पाण्यात

होडीपेक्षाही जास्त अपघात किनाऱ्यावर खेळताना होतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तरुण, धडधाकट मुले होती ती.

समुद्र आत ओढतो म्हणजे काय होते ते समजून घ्यावे. लाटा किनाऱ्यावर जे पाणी आणून टाकतात ते परत जायला वाट शोधते. वाळूत खोलगट घळ असेल तर ते सारे पाणी त्या घळीतून वेगाने आत जाते. वरून पाहिले तर तिथे लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसते, आणि म्हणूनच नवखा माणूस नेमका तिथे उतरतो. अशा ओढीत कोणी सापडलेच तर किनाऱ्याकडे सरळ पोहण्याची धडपड करू नये, त्यात दम संपतो. अंग तरंगते ठेवावे, हात वर करून मदत मागावी आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. काठावरच्यांनी हात धरून साखळी करत आत जाऊ नये. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे आणि गावकऱ्यांना हाक मारावी. मदतीसाठी ११२ हा क्रमांक आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मुलांच्याही लक्षात असावा.

आमचे साधे नियम असे आहेत. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरायचे नाही. मुलांनी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. स्विमिंग पूलमध्ये येणारे पोहणे समुद्रात धरायचे नाही. दर पाच मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्या वेळी त्याच्या हातात मोबाईल नाही. अंधार पडला की पाण्याबाहेर. गाडी वाळूत न्यायची नाही. ओहोटीला टणक वाटणारी पुळण भरती येताच मऊ होते, चाके रुततात आणि गाडी लाटांच्या तोंडी जाते. दर सुट्टीत अशी बातमी येतेच.

वेळापत्रक असे असावे

पाच मुक्कामांचा एक नमुना देतो. पहिला दिवस फक्त पोहोचण्याचा. संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी मारावी, पाण्यात जाऊ नये, भरतीची वेळ ताडून पाहावी. दुसऱ्या दिवशी हर्णैचा लिलाव आणि भरती, वारा, होडी जमत असेल तर सुवर्णदुर्ग. तिसऱ्या दिवशी आसूद, केशवराज आणि मुरूड. चौथा दिवस राखीव. किल्ला राहिला असेल तर त्यासाठी, नसेल तर आंजर्ल्यासाठी किंवा नुसते झाडाखाली पडून राहण्यासाठी. पाचव्या दिवशी दापोली आणि पालगड. सहाव्या दिवशी परत.

किल्ल्याचा दिवस कधीही शेवटचा ठेवू नये. शेवटच्या दिवशी माणूस नाही म्हणू शकत नाही. शाळेच्या सहलीलाही हाच नियम लावावा, असा आमचा आग्रह आहे. एका दिवसात सहा स्थळे दाखवणारी सहल स्वस्त दिसते, पण तिच्यात थांबायला जागाच नसते. स्थळे दोन कमी करावीत आणि वेळ दोन तास वाढवावा. पालकसभेत सहलीचा खर्च विचारतो तसा राखीव वेळ किती, होडीचा बेत आहे का, जॅकेटे कोण तपासणार, हेही विचारावे. असे विचारणाऱ्या पालकांना कोणी भित्रे म्हटले तर म्हणू द्यावे.

आणि एक हक्क मुलांना द्यावा. मूल ‘मला या होडीत बसायचे नाही’ असे म्हणाले, तर त्याला हसू नये, रागावू नये, ‘सगळे बसलेत ना’ असे म्हणू नये. त्याच्याजवळ एक मोठा माणूस थांबेल, हे घरून निघतानाच ठरवून ठेवावे.

दिवाळीला अजून वेळ आहे. पंचांग काढावे, तिथ्या पाहाव्यात, गाडीचे वार जुळवावेत. भरतीचे गणित मुलांकडूनच करून घ्यावे. परत आल्यावर त्यांनी काढलेल्या वेळा आणि प्रत्यक्षात दिसलेल्या वेळा यांचा तक्ता आमच्याकडे पाठवावा, पुढील अंकात जागा राखून ठेवली आहे.